दगा मी दिला नाही

मी शॉकचं मशीन बोलतोय. आवाज चढला तर चढू दे, बिघडलेल्याचं कोण ऐकून घेणार आहे? तशी चिठ्ठीच डकवलीय माझ्या तोंडावर: 'नादुरुस्त'. अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांशेजारी आणून टाकलंय मला. नादुरुस्त म्हणे! मला काही धाड भरलेली नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट हृदयरोग्यांच्या वॉर्डात आलो. माणसाचं हृदय धडधडायचं सोडून नुसतंच थरथरायला लागलं की रक्त पुढे जात नाही, माणूस कोसळतो. तेव्हा छाती दाबत राहायची आणि मी झटका द्यायचा, म्हणजे ते ताळ्यावर येण्याची आशा असते. माझ्यामुळे कितीतरी जण आपल्या पायांनी घरी गेलेत. बदल्यात मागणं एकच, माझा प्लग काढू नका. बॅटरी म्हातारी झालीय, उपाशीपोटी ती दम धरत नाही.

हे मोठ्या सिस्टरला पक्कं ठाऊक होतं. कुणी माझ्या प्लगला हात लावला की ती असं झापायची की नातेवाईक मोबाइल खिशात घालून पळ काढायचे. मला तिचा अभिमान होता, त्याचीच तर जास्त चीड येते.

त्या दिवशी तिची मुलगी परगावी मुलाखतीला गेली होती आणि सिस्टरचा फोन बंद पडायला आला होता. सकाळीच तिनं माझा प्लग काढून आपला चार्जर लावला. पाचच मिनिटं हं, असं वर मलाच म्हणाली. मग एक पेशंट आला, दुसरा आला, आणि मी तिच्या डोक्यातून साफ गेलो.

दुपारी चार नंबरच्या खाटेवरचे शिंपीकाका बायकोशी बोलता बोलता कलंडले. सिस्टर धावली, छाती दाबू लागली. डॉक्टरांनी माझं बटण दाबलं. मी डोळा उघडला आणि मिटला. अंगात त्राणच नव्हतं! सिस्टरला तेव्हा आठवलं. तिनं चार्जर उपटून मला लावलं, पण मी भानावर येईस्तोवर हृदयाची थरथरही थांबून पडद्यावर सरळ रेघ आली होती. सरळ रेघेपुढे माझा झटका काही कामाचा नाही. दोघं घामाघूम होऊन छाती दाबत राहिले, इंजेक्शनं दिली. काका गेले.

या मशीनला काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. सिस्टरनं मान वर केली नाही.

"मशीननं दगा दिला, सर."

काकूंनी ते ऐकलं. त्या माझ्यापाशी आल्या आणि मला एक सणसणीत ठेवून दिली. "मेल्या, तुला आमचंच माणूस सापडलं?"

तो मार माझा नव्हता, सिस्टर. अजून अंगाची लाहीलाही होते. पण ऐक. त्या खाटेवर नवीन माणूस आलाय, त्याचं खोकणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, आणि वॉर्डात माझी जागा रिकामी आहे. डॉक्टरांना खरं सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. मला मात्र आजच्या आज नेऊन त्याच्या खाटेशेजारी लाव.