हात लावू नये

मी एक जुना वायुभारमापक आहे. हवेचा दाब मोजतो आणि स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझ्या पोटात पत्र्याची एक पोकळ डबी आहे. हवेचा दाब वाढला की ती दबते, उतरला की फुगते आणि माझा काटा हलवते. कारागिराने मला घडवलं तेव्हा एक खोड मात्र राहून गेली. काटा कधीकधी अडतो. म्हणून हवामान कार्यालयात रीतच पडली, आधी माझ्या काचेवर बोटाने टकटक, मग वाचन.

पुढे संगणक आले. साहेबांनी मोठ्या कौतुकाने मला कपाटात बसवलं आणि पाटी लावली, 'हात लावू नये'. मान मिळाला, काम गेलं.

एका दुपारी मात्र अंदाज देणाऱ्या बाईंना माझी आठवण झाली. आदल्या दिवशी पडलेल्या विजेने रडार आणि संगणक दोन्ही बंद पाडले होते. बाहेर उकाडा, पान हलत नव्हतं. आठवड्यापूर्वी बाईंनी वादळाचा इशारा दिला आणि लख्ख ऊन पडलं होतं. तेव्हापासून भाजीवालासुद्धा विचारी, "बाई, आज छत्री घेऊ की टोपी?" दुधाने तोंड पोळलेल्या बाई आता ताकही फुंकून पीत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंचे यजमान खाडीत प्रवासी लाँच चालवत.

"अगं, लाँच भरलीय. सोडू का?"

बाईंनी दुरूनच माझ्याकडे पाहिलं. "तसं काही दिसत नाहीये हो."

माझा जीव टांगणीला लागला! दाब सकाळपासून घसरत होता, म्हणजे वादळ येणार होतं, डबी टम्म फुगली होती, पण मेला काटा जागचा हलेना. आणि मला कुठलं तोंड?

बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. "थांबा जरा. खड्ड्यात गेली ती पाटी," म्हणत त्यांनी कपाट उघडलं आणि टकटक केली. काटा झर्रकन खाली आला.

"अहो, सोडू नका! माणसं उतरवा!"

"उतरवतो. पण आज पुन्हा ऊन पडलं तर लोक मला खातील."

"खाऊ देत. जिवंत असले तर खातील ना!"

तासाभरात आभाळ फाटलं. लाँच दोर तोडून उलटली. आत कुणीच नव्हतं.

नंतर बाईंची बदली झाली. साहेबांनी कपाटाला कुलूप घातलं. मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून मांडल्या म्हणजे जपल्या असं होत नाही. त्यांना काही विचारावंही लागतं. आज सकाळपासून माझी डबी पुन्हा फुगते आहे आणि काटा अडला आहे. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. कुणीतरी उठा.