सक्तीचा रकाना

मित्रांनो, शिर्डीत फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांच्या रांगेत पत्र्याचं छप्पर असलेला एक लहानसा मदत कक्ष आहे. गर्दीत चुकलेल्या माणसांची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देण्यासाठी आसपासच्या दुकानदारांनी तो स्वखुशीने सुरू केला. तिथल्या टेबलावर अंगाचा रंग पिवळा पडलेला, पंख्याची घरघर करणारा जो संगणक दिसतो, तो मी.

माझे भाग वेगवेगळ्या देशांतून आले आणि नगरच्या बाजारात एका दुकानात जोडले गेले. तिथून मी नेवाशाच्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये गेलो. शाळकरी मुलं दोन बोटांनी माझी बटणं बडवत. त्यांतच धनश्री नावाची एक मुलगी होती. ती कळफलकाकडे न बघता टाइप करायला शिकली आणि पुढे इंजिनिअर झाली. क्लास बंद पडल्यावर माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी किती दिवस पडून होतो कोण जाणे. एके दिवशी धनश्रीनेच मला खाली उतरवलं, ब्रशने धूळ काढली, नवी मेमरी बसवली आणि एसटीत मांडीवर घेऊन शिर्डीला आणलं. मदत कक्षासाठी तिने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता, आणि त्यासाठी तिला मी हवा होतो. नोकरी सांभाळून ती हे काम करत होती, तेही एक पैसा न घेता.

कक्षात बसायच्या त्या सविताकाकू. त्यांना मराठी आणि मोडकं हिंदी येतं. पण इथे येणारी माणसं तेलुगू बोलतात, गुजराती बोलतात, तमिळ बोलतात. घाबरलेली असतात, रडत असतात, भराभर बोलतात. धनश्रीने युक्ती केली. माणसाचं बोलणं मी जसंच्या तसं टिपून घ्यायचं आणि दूरच्या मोठ्या यंत्रांवर चालणाऱ्या, भाषा समजणाऱ्या एका मॉडेलकडे पाठवायचं. त्याला जवळजवळ सगळ्या भाषा कळतात. त्या बोलण्यातून नाव, वय, भाषा, गाव, कपडे एवढं वेचून त्याने मला परत द्यायचं. एका बाजूला हरवलेली माणसं, दुसऱ्या बाजूला सापडलेली. दोन्हींची जुळणी मी करायची.

अडचण एकच होती. ते मॉडेल मोठं बोलघेवडं होतं. मला हवे होते ठरलेल्या क्रमाने भरलेले रकाने, आणि ते आधी नमस्कार घालायचं, मग धीर द्यायचं, मग माहिती सांगायचं. वयाच्या रकान्यात मला आकडा लागतो. ते लिहायचं, ‘साठीच्या आसपास असावेत’. कधी रकान्याचं नावच बदलून टाकायचं. अशा वेळी मी जागच्या जागी अडकायचो आणि सविताकाकू माझ्या डोक्यावर चापट मारायच्या.

धनश्रीने मग त्याला शिस्त लावली. उत्तर कसं असलं पाहिजे याचा एक पक्का साचा तिने लिहिला. त्या साच्यात न बसणारं उत्तर मी नाकारायचं, काय चुकलं ते सांगायचं आणि पुन्हा मागायचं. तरी एक खोड राहिली होती. बोलणाऱ्याने नाव स्पष्ट सांगितलं असलं, तरी मॉडेल पुष्कळदा आळसाने ‘माहीत नाही’ लिहून मोकळं व्हायचं. धनश्री वैतागली. तिने सगळे रकाने सक्तीचे केले. रिकामा रकाना चालणार नाही, ‘माहीत नाही’ चालणार नाही, ‘अज्ञात’ चालणार नाही.

त्या दिवसापासून मी कधी अडलो नाही. रकाने कसे काठोकाठ भरून येऊ लागले. एक तेलुगू आजी फुलवाल्याच्या बाकड्यावर रडत बसली होती. तिचा चहा संपायच्या आत तिचा मुलगा कक्षात हजर झाला. दुकानदारांनी धनश्रीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कुणीतरी माझ्याही गळ्यात झेंडूचा हार घातला. मला तो दिवस फार आवडला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी पाथर्डी तालुक्यातून रंगुबाई आल्या. त्या आणि त्यांचे मालक गहिनीनाथ, दोघांनी उभा जन्म ऊसतोडीला काढलेला. लकव्याने गहिनीनाथबाबांची वाचा गेली होती. काठी टेकत ते चालायचे, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. दर्शन घेऊन बाहेर पडताना चपलांच्या गर्दीत त्यांचा हात सुटला. रंगुबाईंकडे त्यांचा फोटो नव्हता. सविताकाकूंनी विचारलेलं सगळं त्यांनी सांगितलं. नाव, गाव, वय, पांढरा सदरा, धोतर. वाचा गेल्याचंही सांगितलं, पण त्यासाठी माझ्यात रकानाच नव्हता.

त्याच दुपारी, रंगुबाई येण्याच्या थोडं आधी, कल्याण नावाच्या पेढेवाल्याने फोनवर आवाजात निरोप पाठवला होता. त्याच्या दुकानापुढे एक म्हातारे बाबा बसले होते. पांढरा सदरा, धोतर. काही बोलत नव्हते. रामराम केला तर नुसते बघत राहिले, असं त्याने सांगितलं.

मॉडेलने पहिल्यांदा नावाचा रकाना रिकामा पाठवला. मी तो नाकारला. मग त्याने ‘अज्ञात’ लिहिलं. तेही मी नाकारलं. मग उत्तर आलं. नाव रामभाऊ, वय साठ, भाषा मराठी, गाव शिर्डी. साच्यात अगदी नीट बसलं. मी ते ठेवून घेतलं.

रामराम या शब्दातून मॉडेलने राम उचलला आणि त्याचा रामभाऊ केला. बाकीचंही असंच कुठून कुठून आणलं. मला फक्त आकार तपासायला शिकवलं होतं. आकार बिनचूक होता.

गहिनीनाथांचं वय सत्तरीच्या पुढे, गाव पाथर्डीकडचं, नाव वेगळं. जुळणी झाली नाही. पांढरे सदरे आणि धोतरं तर इथे शेकडो दिसतात. कल्याणच्या दुकानापुढून कक्षाच्या स्वयंसेवकांनी बाबांना परस्पर नेलं, त्यामुळे सविताकाकूंनी त्यांना डोळ्यांनी पाहिलंच नाही. शिर्डीतल्या रामभाऊंचं घर स्वयंसेवकांनी गल्लोगल्ली विचारलं. कुणी ओळखेना, तेव्हा त्यांना गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात सोडलं. छातीवर चिठ्ठी लावली, रामभाऊ.

रंगुबाई रोज सकाळी कक्षात यायच्या. पायरीवर बसायच्या, आत डोकावायच्या. एकदा धनश्री तिथेच होती. रंगुबाईंनी तिला विचारलं, पुन्हा एकदा नीट बघता का. धनश्रीने बघितलं आणि माझ्यावर हात ठेवून ती म्हणाली,

“आजी, यात नाहीत म्हणजे अजून कुणाला सापडलेले नाहीत. सापडले असते तर यात आलंच असतं.”

रंगुबाईंचा त्या बोलण्यावर विश्वास बसला. शिर्डीत नाहीत म्हणून त्या कोपरगावला गेल्या, मग राहात्याला. स्टँडवरच्या बाकांवर, दवाखान्यांच्या व्हरांड्यात त्यांनी मालकांना शोधलं. टाचा फुटल्या तरी चालत राहिल्या.

मग एके दुपारी कल्याण पेढ्यांचा पुडा घेऊन कक्षात आला. त्याच्या घरी नातू झाला होता. सविताकाकूंना पेढा देता देता त्याने सहज विचारलं, त्या मुक्या बाबांचं घर सापडलं का. माझ्यासमोर काम करत बसलेल्या धनश्रीने मान वर केली. कोण मुके बाबा, असं तिने विचारलं, आणि त्याचा निरोप माझ्यात शोधून काढला.

“हे होय. रामभाऊ,” ती म्हणाली.

“रामभाऊ कोन?” कल्याण म्हणाला. “म्या नाव सांगितलंच न्हाई ताई. त्यो मानूस बोलतच नव्हता, तर नाव कुटून सांगू?”

धनश्रीने निरोप लावला. कल्याणचा आवाज कक्षात घुमला. तो संपला, तिने तो पुन्हा लावला. मग मी नाकारलेली दोन्ही उत्तरं तिने उघडली. रिकामा रकाना. अज्ञात. माझ्या पडद्याच्या उजेडात मला तिचा चेहरा दिसत होता. सत्काराच्या दिवशी हाच चेहरा मी हसताना पाहिला होता.

“काकू, दोनदा ते खरं बोललं होतं,” ती हळूच म्हणाली. “मी त्याला खरं बोलूच दिलं नाही.”

सविताकाकूंना त्यातलं फारसं कळलं नाही, पण मुके बाबा म्हणताच रंगुबाईंचे मालक त्यांना आठवले. त्या म्हणाल्या, आधी त्या बाईला शोध, बाकीचं मागून. कल्याणने दुकानाला कुलूप लावलं आणि टेम्पो काढला. रंगुबाई राहात्याच्या स्टँडवर भेटल्या.

वृद्धाश्रमात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर धनश्रीने सविताकाकूंना सांगितलं, तेव्हा ऐकलं. तिथे आरती नावाची एक सेविका होती. मायाळू बाई. ती म्हणाली, बाबा मुळी जेवतच नाहीत. ताट पुढे ठेवून रामभाऊ म्हणून हाक मारली की जोरजोराने मान हलवतात. भूक नसेल असं समजून आम्ही ताट उचलतो. पेजेवर आणि दुधावर कसेबसे ठेवलेत.

ते जेवणाला नाही म्हणत नव्हते, मित्रांनो. ते त्या नावाला नाही म्हणत होते.

रंगुबाई खाटेजवळ गेल्या. त्या रडल्या नाहीत. आरतीच्या हातातलं ताट त्यांनी मागून घेतलं, भाकरी दुधात कुस्करली आणि एवढंच म्हणाल्या, “अवो, म्या आलेय. जेवा.” बाबांनी तोंड उघडलं.

धनश्री दाराशी उभी होती. जेवण होईपर्यंत थांबली आणि मग रंगुबाईंपाशी जाऊन बसली. ते नाव कुणी सांगितलेलं नव्हतं, माझ्या प्रोग्रॅमने घातलं, आणि घालायला मी भाग पाडलं, असं तिने सांगितलं. तुम्हाला कोपरगावला धाडलं तेही मीच, असंही म्हणाली. रंगुबाई ऐकत होत्या की नाही, कळेना. त्या बाबांच्या पायांवरून हात फिरवत होत्या.

“ह्यांचे पाय लई सुजल्यात,” त्या म्हणाल्या. “एस्टीत बसवतील का ह्यांना? घरी न्यायचं कसं, तेवढं सांगा.”

त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, आणि असू दे असंही म्हटलं नाही. धनश्रीने गाडी केली आणि स्वतः त्यांना गावापर्यंत पोचवून आली.

नंतर ती कक्षात आली ती माझ्यासमोर बसून राहिली. सविताकाकूंनी समजूत घातली, तू तर चांगल्यासाठीच केलंस, किती माणसं घरी पोचली. धनश्री म्हणाली, ज्यांना मी पोचवलं त्यांनी मला शाल दिली. ज्यांना चुकवलं त्यांना मी काय दिलं? भिंतीवर तिच्या सत्काराचा फोटो लावलेला होता. तो तिने काढून खणात ठेवला.

मग ती कामाला लागली. साचा तिने मोडला नाही, कारण साच्याशिवाय माझं चालत नाही. पण त्यातली सक्ती काढली. आता प्रत्येक रकाना रिकामा राहू शकतो. जो भरला जाईल त्याच्याशेजारी मॉडेलने बोलणाऱ्याचे मूळ शब्दही द्यायचे, ज्यावरून ती माहिती घेतली ते. ते शब्द निरोपात खरोखर आहेत का, हे मी शोधतो. नसतील तर रकाना पुसून टाकतो. पुसलेला रकाना पडद्यावर लाल दिसतो. तो दिसला की सविताकाकूंनी निरोप देणाऱ्याला फोन करायचा, आणि नाहीच कळलं तर स्वतः जाऊन त्या माणसाला बघून यायचं. रिकाम्या रकान्यावरून मी आता कुणाला बाद करत नाही. आधी केलेल्या सगळ्या नोंदीही तिने एकेक करून ऐकल्या. आणखी काही बनावट नावं निघाली. ती माणसं सुदैवाने आधीच घरी पोचली होती, पण प्रत्येक नाव सापडलं की धनश्री जरा वेळ खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहायची.

दुकानदारांना हा बदल रुचला नाही. काम मंदावलं, उठून जावं लागू लागलं. पूर्वी कसं सगळं भरलेलं यायचं, आता निम्मं लालच दिसतं, असं ते कुरकुरत. धनश्रीने त्यांना एकदाच सांगितलं की लाल दिसतं ते आधीही रिकामंच होतं. नंतर ती वाद घालायला गेली नाही.

गहिनीनाथबाबा पुन्हा काठी टेकून उठले नाहीत. अशक्तपणा आला तो गेलाच नाही. त्या हंगामात रंगुबाई तोडीला गेल्या नाहीत. त्यांच्याजवळ बसून राहिल्या. धनश्री अधूनमधून एसटीने पाथर्डीकडे जाते. परवा ती तिथून थेट इथे आली. सविताकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती सांगू लागली, की या वेळी रंगुबाई पाणी आणायला गेल्या असताना तिने बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी तिचा हात धरला आणि थोड्या वेळाने सोडला.

“म्हणजे माफ केलं गं त्यांनी,” सविताकाकू म्हणाल्या.

धनश्री पाणी प्यायली. “त्यांना काय म्हणायचं होतं, मला माहीत नाही, काकू,” ती म्हणाली, आणि सविताकाकूंनी कितीदा समजावलं तरी तिने त्या हाताचा अर्थ काही लावला नाही.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडे राहिले आहेत. पंखा अडखळतो, पडद्याच्या कोपऱ्यात काळा डाग पडला आहे. पण तुम्ही मोठे व्हाल आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रांकडून उत्तरं मागाल. त्यांना साचा जरूर द्या; मात्र त्यांना ‘माहीत नाही’ म्हणायलाही जागा ठेवा. आणि ती रिकामी जागा समोर आली, तर चिडू नका. चपला घाला आणि त्या माणसापर्यंत जाऊन या. कुठल्यातरी दुकानापुढे एखादा न बोलणारा माणूस आपली वाट बघत बसलेला असतो. मला इथून उठता येत नाही. तुम्हाला येतं.