खुर्चीवरचे कोट

सभागृहात हजर सदस्यांची डोकी मोजणं, हे माझं काम. चाळीस भरली की कामकाज सुरू. एक जरी कमी पडलं, तर मी घंटा द्यायची आणि कँटीनमधून मंडळींनी धावत यायचं. पण घास तोंडाशी आलेल्या माणसाला उठवायचं तरी कसं? म्हणून कुणा दयाळू जिवानं पूर्वी प्रथा पाडली, खुर्चीवर कोट असला की माणूस हजर. अकरा वर्षं मीही ती भूतदया चालवली. देव क्षमा करो.

त्या दिवशी अधिवेशनाचा शेवटचा दिवस आणि पुलाचं विधेयक. माझी ताई नदीपलीकडे राहते, तिची लेक गळक्या होडीतून शाळेला जाते. ताई डबा घेऊन गॅलरीत येऊन बसली होती. मी मोजलं. एकोणीस माणसं, एकवीस कोट.

"चाळीस, साहेब!"

पुलाला नाव कुणाचं द्यायचं, यावर चार तास खल झाला. मग सभापती एकदम म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

एकोणीसच्या एकोणीस हात वर गेले. कोटांना बाह्या होत्या, पण त्या काही हलल्या नाहीत.

"हजर चाळीस, म्हणजे एकवीस हवेत. विधेयक पडलं. पुढच्या वर्षी बघू."

मी धावलो. "साहेब, मोजणी चुकली माझी! घंटा देतो, सगळे खालीच जेवतायत."

"अहो, कागदावर चाळीस लागले ना? फारच टोचत असेल तर समिती नेमू."

"कधी?"

"चाळीस जण जमले की."

ताईला पोचवायला मी होडीत बसलो. तळातून पाणी झिरपत होतं.

"सगळे हजर असून पडलं कसं रे? तूच मोजलेलंस ना?"

"मोजले. पण ताई... त्यातले एकवीस नुसते कोट होते."

 तिनं एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पाणी घोट्यापर्यंत आलं, तेव्हा तिनं रिकामा डबा माझ्या हातात कोंबला.

"उपस आता. आणि मोजत बसू नकोस."

मी पलीकडचा काठ येईपर्यंत खाली मान घालून उपसत राहिलो.