गाव नॉट फाउंड

मित्रांनो, मी एक जुना संगणक. गुलबर्ग्यातल्या एका परिचारिका शाळेच्या अडगळीत, मोडक्या बाकाखाली पडून आहे. १९८७ साली आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. लोक चपला बाहेर काढून खोलीत येत. "मशीन कधी चुकत न्हाई," असं हेडक्लार्क गुंडेराव येईल त्याला सांगत. तेच कौतुक पुढे नडलं.

प्रवेशपरीक्षेची ओळखपत्रं छापणं हे माझं काम. त्याचा प्रोग्राम नरहररावांनी लिहिला होता. मुलीचं गाव ज्या रकान्यात असे, त्याला त्यांनी 'गाव' असंच नाव दिलं. ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी यादी नव्याने भरली त्यांच्या जागी आलेल्या निंगप्पाने. त्याच्या घरची भाषा कन्नड. त्याने सहज त्या रकान्याला 'ऊरु' म्हटलं. अर्थ एकच. पण मी पडलो सांगकाम्या! 'गाव' शोध म्हटलं की 'गाव'च शोधणार.

ओळखपत्रं सोमवारपासून मिळणार होती, परीक्षा बुधवारी सकाळी. सोमवारी पहिल्या आल्या त्या कडगंचीच्या कोंडाबाई, लेक शोभाला घेऊन. कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. निंगप्पाने कळ दाबली आणि माझ्या पडद्यावर उमटलं, 'गाव नॉट फाउंड'.

गुंडेरावांनी चष्मा वर केला. "अक्का, तुमचं गाव मशीनला सापडंना झालंय. तलाठ्याचा दाखला आणा."

"आसं कसं? त्याच गावातून आलाव की आम्ही," कोंडाबाई म्हणाल्या.

"मशीन खोटं कामून बोलंल?"

अहो, मी रकान्याबद्दल बोलतोय, त्यांच्या गावाबद्दल नव्हे! पण नेमून दिलेल्या शब्दांपलीकडे मला बोलता येत नव्हतं. मायलेकी बस धरायला गेल्या.

मंगळवारी सकाळी खुद्द गुलबर्ग्याची एक मुलगी आली. मी पुन्हा तेच म्हणालो. खोलीत हसू फुटलं. "गुलबर्ग्यात बसून गुलबर्गा सापडंना व्हय?" असं म्हणत टायपिस्ट वृंदा उठली. तिने नरहररावांचा प्रोग्राम आणि निंगप्पाची यादी शेजारीशेजारी ठेवून वाचली आणि एक शब्द बदलला. घटकाभरात सगळी ओळखपत्रं छापून झाली. त्यात शोभाचंही होतं, त्यावर ठळक 'कडगंची'. सगळ्यांनी वृंदाची पाठ थोपटली, चहा मागवला. कडगंची बसने तासाभरावर. निरोप धाडावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

तिकडे तलाठी नेमके तालुक्याला, आळंदला गेलेले. बुधवारी सकाळी त्यांना गाठून, दाखला घेऊन मायलेकी धापा टाकत पोचल्या तेव्हा पेपर सुटला होता.

गुंडेरावांनी ओळखपत्र पुढे केलं. शोभाने त्याला हात लावला नाही. कोंडाबाईंनी पदराची गाठ सोडून दाखला काढला आणि माझ्या कळफलकावर ठेवला.

"हे घ्या. गाव हाय आमचं."

मला आजही त्याची लाज वाटते. शब्द माझेच होते ना!

मित्रांनो, यंत्र अडलं तर ते काय म्हणतंय ते आधी नीट वाचा, मग माणसाला हेलपाटा घालायला लावा. आणि चूक सापडली की चहा मागवण्याआधी, जिला माघारी धाडलं तिला कळवा.

पुढच्या वर्षीच्या यादीत मी कडगंची शोधली. रकाना जागच्या जागी होता. गाव तेवढं नव्हतं.