वरच्या घरात एकच जागा

धरणाची भिंत तडकली आहे, असं कुणी म्हणे. नुसता गिलावा सुटलाय, असं दुसरं कुणी म्हणे. खरं काय ते त्या भिंतीलाच ठाऊक. पण खालच्या गल्लीत घरोघर छापील फॉर्म आले, आणि ते भरून घ्यायचं काम दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या गळ्यात पडलं. नर्सबाई तीन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेल्या. गळ्यात शिट्टी, काखेत फाइल, आणि आवाज असा की तापाने फणफणलेला माणूसही उठून बसावा.

शिलाईच्या दुकानात त्या शिरल्या तेव्हा थोरली एका उसवलेल्या अभ्र्याला टाके घालत होती. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी सगळी गल्ली तिला थोरलीच म्हणायची. पूर्वी दुकानात दोघी बहिणी बसायच्या, आणि गिऱ्हाइकं त्यांना थोरली-धाकटी अशाच हाका मारायची. धाकटी दुकान सोडून गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. थोरलीचं नाव मात्र तसंच राहिलं.

“मावशी, एका ओळीत उत्तर द्यायचं, गोष्ट सांगत बसायचं नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “धरण फुटलं तर पाणी इथे बावीस मिनिटांत पोचणार. तुम्ही कुठे जाणार?”

“बावीस कशावरून? पाणी काय घड्याळ लावून निघतं?”

“इंजिनिअरांनी मोजलंय. शाळेत जाणार, की टेकडीवर कुणाकडे? शाळा चढावर आहे, पण रस्ता सोपा. टेकडीवर जायचं तर घरमालकाची संमती लागते.”

थोरलीने सुई अभ्र्यात खोचून ठेवली. दुकानाच्या दारातून टेकडी दिसायची. तिच्या टोकाला निळ्या खिडक्यांचं घर. तेच धाकटीचं. घड्याळजीशी लग्न करून ती तिकडे राहायला गेली, पण काम काही सोडलं नाही. चाळीस वर्षं ती रोज सकाळी पायऱ्या उतरून यायची आणि दुकानात पाऊल टाकायच्या आधीच बोलायला लागायची. नवरा गेला, तेराव्या दिवशीही आली आणि कात्री हातात घेऊन म्हणाली, “ताई, आज मला कुणी काही विचारू नका.” थोरलीनेही विचारलं नाही. दिवसभर दोन्ही मशिनी चालत राहिल्या.

“शाळा लिहा,” थोरली म्हणाली.

नर्सबाईंनी लिहिलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या. गोष्ट सांगायची नाही हा नियम बहुधा त्यांना स्वतःला लागू नव्हता.

“वरच्या लोकांचं काय सांगू तुम्हाला! ती निळ्या खिडक्यांची बाई आहे ना? चार खोल्या, एकटा जीव. विचारलं, किती माणसं घेणार? म्हणे, एक. अहो, म्हटलं, दहा मावतील. तर म्हणे, एकच जागा आहे आणि ती दिलेली आहे. कुणाला दिली? तर म्हणे, त्या माणसाला माहीत आहे. खाटसुद्धा मांडून ठेवलीय. तीही पुढच्या खोलीत, दाराशी, म्हणजे त्या माणसाला आतल्या दोन पायऱ्याही चढायला नकोत. मी म्हटलं, खाट भिंतीच्या या बाजूला घ्या, येण्याजाण्याची वाट मोकळी होईल. तर माझ्यावरच खेकसली. म्हणे, नको, तिला डाव्या कुशीवर झोप लागत नाही, आणि भिंत पाठीशी लागते. आता मला सांगा, पूर आल्यावर कोण कुशी बघतं?”

लहानपणापासून थोरली उजव्या कुशीवर झोपायची, भिंतीला पाठ लावून. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण त्याच माणसाच्या लाथा तिने पोटात खाल्ल्या होत्या.

नर्सबाई गेल्या. अभ्रा तसाच मांडीवर पडून राहिला.

पहिला पूर आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि धाकटी सहाची. दुपारची वेळ. दवंडी पिटत माणूस गेला तरी आईने हातातलं काम टाकलं नाही. उलट सुईत जाड दोरा ओवला. दोघींना शेजारी उभं केलं आणि त्यांचे फ्रॉक बगलेपासून घेरापर्यंत एकमेकांना शिवून टाकले. गर्दीत हात सुटतो, म्हणाली, टाका सुटत नाही. शेजारीण ओरडली, “अगं, लोक दागिने घेतायत, आणि तू शिवत काय बसलीस?” आईने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, “हेच माझे दागिने.” खाणीच्या टेकाडापर्यंत त्या दोघी तीन पायांच्या शर्यतीसारख्या धावल्या. वर पोचल्यावर कळलं की आई कात्री विसरली आहे. मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दोघी तशाच. धाकटीला शू लागली तरी थोरलीला जावं लागलं. तेव्हा ती किती चिडली होती! आणि आता त्या रात्रीच्या बदल्यात कुणी काहीही मागितलं असतं तरी तिने दिलं असतं.

असल्या बहिणी तुटल्या कशावरून? तर वीस कोटांवरून.

दुकानाची आईपासूनची रीत होती. माप घेणारीने अंगाचं नेमकं माप लिहायचं. शिलाईसाठी दोन बोटं जादा कापड सोडायचं ते कापणारीने. मापं थोरली घ्यायची, कापायची धाकटी. चाळीस वर्षांत याची चर्चासुद्धा करावी लागली नाही. पण बँडवाल्यांचे वीस कोट आले त्याच आठवड्यात धाकटीचं मनगट धरलं, म्हणून दोघींनी कामं बदलली. धाकटीने मापं घेतली, रीतीप्रमाणे नेमकी लिहिली. थोरलीने कापलं, आणि जन्मात कधी जादा कापड सोडायची सवय नसलेल्या हाताने ते सोडलंच नाही. वीसच्या वीस कोट दोन-दोन बोटं तोकडे. बँडच्या दिवशी तुतारीवाल्याने छाती भरून श्वास घेतला आणि त्याचं बटण उडून थेट ढोलावर वाजलं. लोक हसून हसून लोळले.

बँडमास्तर मात्र हसला नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत त्याने विचारलं, “हे कुणाचं काम?” आणि थोरली चटकन म्हणाली, “मापं हिने घेतलीत.”

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. धाकटीने तिच्याकडे एकदा पाहिलं, कात्री टेबलावर ठेवली आणि पायऱ्या चढून गेली. दुसऱ्या दिवशी येईल, असं थोरलीला वाटलं. मग वाटलं, आठवड्याने येईल. मग आपण जावं असं वाटलं, पण तोवर गुडघा गेला होता. गुडघा हे कारण बरं होतं. कुणीही मान्य करायचं.

नर्सबाई फॉर्म भरून गेल्या त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला पुराचा सराव होता. भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या फॉर्मवरच्या ठिकाणी चालत जायचं. भोंगा वाजला. गल्ली निघाली, कुणी पिंजऱ्यातला पोपट घेतला, कुणी टीव्ही. न्हाव्याने आरसा काखोटीला मारला तेव्हा नर्सबाई ओरडल्या, “अहो, बुडताना चेहरा बघणार आहात का?”

थोरली शाळेच्या रांगेत लागली. रस्त्याला फाटा फुटतो तिथपर्यंत गेली. रांग डावीकडे वळली. थोरली उजवीकडे वळली.

“मावशी! शाळा इकडे!”

“मला ठाऊक आहे शाळा कुठे आहे. तिथेच शिकलेय मी.”

पायऱ्या तिने अकरा वर्षांत नुसत्या खालून पाहिल्या होत्या. पहिल्या तीस बऱ्या गेल्या. पन्नासाव्या पायरीला गुडघा बोलू लागला, ऐंशीला ओरडू लागला. कठड्याला धरून ती एकेक पाय वर ओढत होती आणि मनात वाक्य घोळवत होती. चूक माझी होती, कापलं मी होतं. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. निम्म्या वाटेवर पाण्याच्या टाकीपाशी ती बसली. तेवढ्यात सराव संपल्याचा भोंगा झाला. खाली माणसं घरी परतताना दिसत होती, मुंगीएवढी. तिच्या मनात आलं, उतरावं. आता वर जाण्याचं कारणही उरलं नव्हतं. मग ती उठली आणि चढू लागली.

निळ्या खिडक्यांच्या घरापुढे धाकटी फाटक धरून उभी होती. केस पांढरेशुभ्र झालेले. हातात नवऱ्याचं जुनं घड्याळ.

“एक्केचाळीस मिनिटं,” ती म्हणाली. “केव्हाच बुडालीस तू.”

थोरलीला बोलायला श्वास नव्हता. “ते... कोट...”

“कसले कोट?”

“बँडचे. कापले... मी होते.”

“मला काय ते ठाऊक नव्हतं?” धाकटीचा आवाज जरा चिरकला. “बस आधी. दम खा. अकरा वर्षं झाली, ते लोक आता वाळले असतील. बसत असतील कोट.”

थोरली हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. धाकटीने पदराने तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच, लहान मुलाचं पुसतात तसं.

मागून धापा टाकत नर्सबाई आल्या. त्यांना पाहून धाकटीने घड्याळ लपवलं, पण उशीर झाला होता.

“एक्केचाळीस,” वर येताना कानावर पडलेला आकडा नर्सबाईंनी लिहिला. “मावशी, टेकडी तुमच्या कामाची नाही. ही वेळ नोंदवल्यावर मी तुम्हाला इकडे पाठवूच शकत नाही. शाळाच राहील. बारा मिनिटांत पोचाल.”

त्या बरोबर बोलत होत्या, आणि ते दोघींनाही समजत होतं. थोरलीने आत पाहिलं. दारातून खाट दिसत होती. चादर ताणून बसवलेली, एक चुणी नाही.

“शाळेला धोका नाही ना?” धाकटीने विचारलं.

“अजिबात नाही.”

“मग माझंही नाव शाळेत घाला.”

“तुमचं? अहो, तुमचं घर सगळ्या गावात उंच! तुम्हाला कुठे जायचंच नाहीये. टेकडीवरच्यांना तो रकानाच नाही.”

“मग आखा. पट्टी देऊ?”

“पूर आल्यावर वरून खाली कुणी पळतं का?”

“मी पळेन. अकरा मिनिटं लागतात मला उतरायला. परवाच बघितलंय.”

“परवा?” थोरलीने मान वर केली. “परवा तू कुठे उतरली होतीस?”

धाकटी फाटकाची कडी उगाच खालीवर करू लागली. “फाट्यापर्यंत. जाते मी अधूनमधून. तिथून तुझं दार दिसतं. उघडं असलं की बरं वाटतं.”

इतकी वर्षं थोरली दारातून टेकडीकडे बघत बसायची; फाट्याकडे बघायचं कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

नर्सबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि मग हाताने, जरा वाकडाच, एक नवा रकाना आखला.

“शाळेत कुठला वर्ग लिहू?” त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला होता.

“तळमजल्यावरचा,” थोरली म्हणाली. “मला जिने नकोत.”

“तळमजला? पुरात?” धाकटी उसळली. “ताई, तुझं डोकं गुडघ्यात गेलंय का?”

“शाळा उंचावर आहे, ऐकलं नाहीस?”

“उंचावर असली म्हणून काय? वरचा वर्ग लिहा हो. मी ओढून नेईन हिला.”

“तू ओढणार? तुझं मनगट!”

“तुम्ही दोघी ठरवा आणि मला कळवा,” असं म्हणून नर्सबाईंनी फाइल मिटली आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. बऱ्याच खाली गेल्या तरी त्यांना वरून आवाज ऐकू येत होते. एक म्हणत होती खिडकीजवळचा कोपरा, दुसरी म्हणत होती वारा लागेल, आणि मध्येच दोघी एकदम बोलत होत्या.