अनुपमाचे उपास

गावची शाळा नववीपर्यंतच, म्हणून सत्त्याऐंशी साली दहावीसाठी मी बोरीवलीला दशरथकाकांकडे आले आणि रुक्मिणीकाकीच्या डोळ्यांत खुपू लागले. त्यांची अनुपमा माझ्याच वयाची, पण युनिफॉर्मचा हूक लागेना इतकी सुटलेली. मी मात्र दोन्ही वेळा भात हाणूनही काडीसारखी.

"सुगंधा, एवढा भात तुझा जातो कुठे गं?" काकी विचारायची. तिला वाटे, मी तो चोरून अनुपमाला भरवते.

वजन उतरावं म्हणून काकीने लेकीला सोमवार, गुरुवार आणि संकष्टी धरायला लावली होती. उपासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे लाडू, संध्याकाळी बटाट्याचा कीस. पोर उपाशी राहते म्हणून काकी आग्रह करकरून वाढायची. मी एकदा म्हटलं, "काकी, ह्या उपासान वजन वाढतला." तेव्हापासून तर मी देवधर्म बुडवणारीही ठरले.

खालच्या नळाचं पाणी तीन मजले मी चढवायचे, दळण मी आणायचे. अनुपमाला खाली जायची बंदी. "वयात आलेली पोर, खाली टपोरी उभे असतात," काकी म्हणायची. मी पाण्याला उतरले की ते टपोरी बहुधा घरी जात असावेत.

मग डब्यांच्या कपाटाला कुलूप लागलं. माझं दप्तर तपासलं जाऊ लागलं. जेवताना काकी समोर बसून माझे घास मोजायची. चीड यायची, रडू यायचं. पण दहावी पुरी करायची होती, म्हणून पाणी चढवत राहिले.

शेवटी खात्री करायला काकीने मला आठवडाभर चेंबूरला आत्याकडे धाडलं. परत आले तर अनुपमाचा युनिफॉर्म आणखीच घट्ट झालेला. आता तरी माझ्यावरचा आळ जाईल म्हणून मी मनातून हरखले.

काकीने डोळे बारीक केले. "जाताना काय लपवून ठेवलं होतंस तिच्यासाठी?"

तेव्हा अनुपमा पहिल्यांदाच बोलली. "आई, ती काही देत नाही गं. मला खाली खेळायला सोड ना. सुगंधा गावाला कबड्डी खेळायची, मला पण शिकवते म्हणालीय."

काकीचा चेहरा उजळला.

"बघा!" ती काकांना म्हणाली. "मी म्हणत नव्हते, ही पोरीला काहीतरी देतेय म्हणून? हे असले खाली हुंदडायचे नाद!"

काका माझ्याकडे न बघताच चपला घालून माझं गावचं एस.टी.चं तिकीट काढायला गेले. माझ्या दहावीचं काय, हे कोणी विचारलंच नाही.