पेल्याचं उत्तर

"मतिमंद!" मुख्याध्यापक म्वुलांनी निकाल देऊन टाकला. "वर्गासमोर वीस चित्रं दाखवली मी. पेला, कोंबडी, कुदळ. प्रत्येक वेळी विचारलं, हे काय आहे? पोरीने तोंड उघडलं असेल तर शपथ! सही करा मॅडम, सोमवारी तिला चिपाटा शहरातल्या अशा मुलांच्या वेगळ्या शाळेत धाडतो."

मुलांची समज तपासायला आलेल्या म्वायी साकालाचं डोकं फिरलं. त्या वेगळ्या शाळेतून साध्या वर्गात परतलेलं एकही मूल तिने पाहिलं नव्हतं. राजधानीतून चित्रांचा गठ्ठा काय आला, या महाशयांना अक्कल मोजायचा परवानाच मिळाला!

"सर, तुमच्या आईने तुमची हुशारी चित्रं दाखवून पारखली होती?"

"तेव्हा शास्त्र नव्हतं, मॅडम."

"अक्कल होती पण."

तिने आठ वर्षांच्या तियामिकेला बोलावलं. मोठ्यांसमोर बसायच्या तिथल्या रीतीने पोर गुडघ्यांवर बसली, नजर जमिनीवर. म्वायीने चित्रं काढलीच नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या पोरं पारखतात तसं तिने कामच सांगितलं.

"बांदाकाकूंकडून चाळण आण. आणि आजीला सांग, मी जेवायला येतेय, मला तिखट चालत नाही."

"निरोप पोचवायचा ही काय परीक्षा झाली?" म्वुलांनी नाक मुरडलं.

तियामिके चाळण घेऊन आली. "काकू घरी नव्हत्या, विहिरीवर गाठून विचारलं. आजीने भाजीत मिरची घातली होती, म्हणून शेजारून तुमच्यासाठी बिनतिखटाची मागून ठेवलीय."

म्वुला खिडकीबाहेर बघू लागले. म्वायीने पोरीला आंब्याखाली नेलं. "एवढी शहाणी तू, मग सरांना पेला का नाही सांगितलास?"

तियामिकेने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एवढे मोठे सर, आणि त्यांना पेला माहीत नव्हता. कोंबडीपण नाही! माहीत असतं तर विचारलं कशाला असतं? सगळी पोरं बघत होती. मी सांगितलं असतं तर त्यांची शोभा झाली असती. तुम्ही नका सांगू त्यांना."

म्वायी खोलीत परतली. म्वुलांना सुनावायला जीभ नुसती वळवळत होती. पण पोर दारात येऊन उभी राहिली होती. म्वायीने कागदावरचा 'मतिमंद' हा शब्द खोडला, खाली 'याच शाळेत राहील' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"तिला सगळी उत्तरं येत होती, सर."

"मग बोलली का नाही?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" म्वुलांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.